न दुखणारा हात

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, तुझ्या वाढदिवसाला पिकलबॉलची कुठली बॅट पाठवू, आणि मी "कळवते" म्हणून विषय बदलला. सई, तुला वाटलं असेल की आजीला संकोच वाटला. ईशान, तुला वाटलं असेल की आजीला बॅटीतलं काही कळत नाही. दोन्ही खरं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला सोसेल अशी बॅट कशी निवडायची हे मला नीट माहीत आहे. चार ओळींत लिहून पाठवता आलं असतं. पण त्या चारही ओळी माझ्या नाहीत. त्या गजभियेभाऊंच्या आहेत, आणि ते गेल्या हिवाळ्यात वारले. आमच्या ले-आउटमधल्या, म्हणजे या वसाहतीतल्या, वीस-बावीस म्हाताऱ्यांचे हात त्यांनी वाचवले. त्यांचा स्वतःचा हात मात्र आमच्या डोळ्यांदेखत जात होता, आणि आम्ही ते पाहत होतो. मी तर लिहूनही ठेवत होते. म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहिते. बॅटीचं वजन आणि जाडी तुम्हाला मध्येच कुठेतरी सापडेल. तुम्ही तिला पॅडल म्हणता; आमच्या मैदानावर तिला सगळे बॅट म्हणतात, म्हणून मीही तेच लिहीन.

गजभियेभाऊ खापरखेड्याच्या वीज केंद्रात छत्तीस वर्षं होते. तिथले प्रचंड पंखे, पंप, टर्बाइन सुरळीत फिरताहेत की थरथरताहेत हे बघणं त्यांचं काम. मोजायची उपकरणं होती, पण त्यांचा विश्वास स्वतःच्या हातावर. चालू मशीनवर ते बोटांची नखं टेकवत, तळवा नाही. तळवा फसतो म्हणत. सगळं ठीक असेल तर मशीनच्या अंगावर रुपयाचं नाणं कडेवर उभं करून दाखवत. टर्बाइनच्या आवाजानं त्यांचा डावा कान कामातून गेला होता. त्यामुळे ते नेहमी समोरच्याच्या डाव्या बाजूला उभे राहत आणि मान किंचित वाकडी करून उजव्या कानानं ऐकत. लांबून बघणाऱ्याला वाटे, हे गृहस्थ कशाबद्दल तरी शंका घेताहेत. बहुतेक वेळा घेतच असत.

निवृत्तीनंतर ते आणि प्रमिलाताई खापरखेड्याचं क्वार्टर सोडून आमच्या गल्लीत राहायला आले. आम्ही तेव्हा नुकतेच खेळायला लागलो होतो. बॅडमिंटनच्या जुन्या कोर्टावर ऑइल पेंटनं नव्या रेषा मारल्या होत्या, जाळी कमरेइतकी खाली आणली होती आणि पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत, भोकं पाडलेल्या त्या प्लास्टिकच्या बॉलमागे धावत होतो. भाऊ आठ दिवस कुंपणाबाहेर उभे राहून नुसते ऐकत होते. नवव्या दिवशी आत आले, माझ्या डाव्या हाताला उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या कोपराले मुंग्या येतात काय?"

येत होत्या. मी घरीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं.

"बॅट सांगून राहिली ना. फुटक्या सुपासारखी वाजते. जे बाहेर वाजते ते आधी तुमच्या हातातून जाऊन राहिलं."

माझी बॅट पातळ लाकडी फळीची होती, दोन बॅटी आणि चार बॉल अशा पिशवीतून आलेली. त्यांनी ती माझ्या बोटांवर आडवी ठेवली, छातीच्या उंचीवरून तिच्यावर बॉल टाकला, मग एक इंच सरकून पुन्हा टाकला, मग पुन्हा. प्रत्येक वेळी एवढंच विचारायचे, "चावली?" जिथे बोटांत झिणझिण्या आल्या नाहीत तिथे पेन्सिलीनं टिंब काढायचे. शेवटी टिंबं जोडून एक वर्तुळ झालं, जेमतेम लिंबाएवढं.

"ही तुमची शांत जागा," ते म्हणाले. "एवढीशी. बाकीची सारी बॅट तुम्हाले चावते."

त्यानंतर महिनाभर त्यांनी बॅटींचा अभ्यास केला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली, म्हणून माहितीपत्रकं वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचत जाई, ते मान वाकडी करून ऐकत, आणि जोर, वेग, मोठ्या खेळाडूंची पसंती असलं काही आलं की हात वर करत. "हे लिहिणाऱ्यानं आपलं कोपर पाह्यलं काय? पुढं वाचा."

त्यांनी जे काढलं ते सगळ्यांच्या समजुतीच्या उलट होतं. म्हाताऱ्या हाताला हलकी बॅट हवी असं प्रत्येकाला वाटतं. दुकानदारही तेच सांगतो. भाऊंचं म्हणणं, हलकी बॅट बॉलपुढे हरते आणि तिची कसर कोपर भरून काढतं. मशीनचा पाया जड असला तरच मशीन शांत राहतं. पण जडपणा डोक्याकडे असला तर बॅट खांदा खाते. म्हणून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासची आणि तोल मुठीकडे असलेली घ्यायची. प्रमिलाताईंचा स्वयंपाकघरातला काटा ते पिशवीतून मैदानावर आणत आणि छापलेल्या वजनावर कधी विश्वास ठेवत नसत. जाडी सोळा मिलिमीटर, कारण आतलं मधाच्या पोळ्यासारखं प्लास्टिक जितकं जाड तितका धक्का तिथेच मुरतो. लांबोडकी नको, रुंद हवी, म्हणजे शांत जागा मोठी मिळते. मूठ अशी, की धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. मूठ बारीक असली की माणूस नकळत आवळतो, आणि आवळणं हाच खरा रोग. बॅट कशी धरायची ते सांगताना ते म्हणत, "टपरीवरचा कागदी कप धरता ना, चहा भरलेला? आवळला तं सांडते, सोडला तं पडते."

वर्षभरात आमच्या सगळ्यांच्या बॅटींवर पेन्सिलीची वर्तुळं दिसायला लागली. परगावचे कोणी खेळायला आले तर त्यांना तो काही धार्मिक प्रकार वाटायचा.

त्यांचा सगळ्यात अवघड रुग्ण म्हणजे देशकर. त्यांचं जुन्या शहरातल्या महाल भागात भांड्यांचं दुकान. सुनेनं मागवलेली, सगळ्यात हलकी आणि सगळ्यात काळी बॅट घेऊन ते आले आणि तीन महिन्यांत त्यांचं कोपर असं झालं की गिऱ्हाइकाला परात उचलून दाखवता येईना. भाऊंनी सांगितलं, तीन आठवडे खेळ बंद, मग बॅट बदलू. देशकरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हजर झाले. भाऊंनी वजन करून बघतो म्हणून बॅट मागून घेतली, पिशवीत घातली आणि सरळ घरी जाऊन कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मग रोज संध्याकाळी देशकर दुकानातून परतताना गजभियांच्या दारात. प्रमिलाताई चहा देत, चिवडा देत, बॅट देत नसत. देशकर म्हणायचे, काय दादागिरी हाय बे तुझी, माझी बॅट माझ्या सुनेची हाय. भाऊंचं उत्तर ठरलेलं: "परात उचलून दाखव, बॅट ने." बाविसाव्या दिवशी देशकर खरोखरच दुकानातली पितळी परात स्कूटरवर पुढे ठेवून घेऊन आले आणि सगळ्या गल्लीसमोर ती एका हातानं डोक्याच्या वर धरली. भाऊंनी अंगठा-बोटानं त्यांचं कोपर चाचपलं आणि म्हणाले, आता खाली ठेव आन् दुसऱ्यांदा उचल. दुसऱ्यांदाही उचलली गेली. मग कपाट उघडलं. आतून निघाली ती सुनेची बॅट नव्हती. भाऊंनी तोवर देशकरांसाठी निवडून, मूठ बांधून ठेवलेली होती. परात प्रमिलाताईंना आवडली, ती तिथेच राहिली.

वीज केंद्रात दर तासाला प्रत्येक मशीनची नोंद होते. भाऊंनी तीच शिस्त आम्हाला लावली. दर रविवारी खेळ संपला की सिमेंटच्या बाकावर बसायचं आणि एकेकानं सांगायचं: मनगट किती दुखतं, कोपर किती, खांदा किती. दहापैकी आकडा द्यायचा. नोंद मी करायची. मी मोठी वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले: नाव, बॅटीचं वजन, मूठ, मनगट, कोपर, खांदा, शेरा. देशकर साडेसहा, साडेचार असे आकडे देत, तेव्हा भाऊ विचारत, अर्धा कुठं दुखते ते दाखव. कोणी दुखणं लपवलं तर त्यांना बॅटीच्या आवाजावरून कळे. कोणी वाढवून सांगितलं तरी कळे.

स्वतः भाऊंची पाळी आली की ते म्हणत, "दुखत नाही. पुढं चला." मी तीन शून्यं काढून पुढे जाई. सगळ्या वहीत असा एकच माणूस. आम्हाला त्यांचा हेवा वाटे. देशकर म्हणत, याचा हात खापरखेड्याच्या स्टोअरमधून आणेल हाय, नीट पाहा, नंबर असन कुठंतरी.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर भाऊंनी आपल्या बॅटीच्या मुठीवरची एक पट्टी सोडली. जाड होते म्हणाले. मी लिहिलं. डिसेंबरात कडेला चिकटवलेली वजनाची पट्टी काढली, तेव्हा दोनशे तीस ग्रॅमची बॅट दोनशे बावीस झाली. तेही लिहिलं. जानेवारीत त्यांनी बॅटच बदलली आणि दोनशे पाचची घेतली. ज्या हलक्या बॅटींवर त्यांनी आम्हाला इतकं ऐकवलं होतं तसली. मी म्हणाले, भाऊ, हे काय, हलकी नको हे तुम्हीच शिकवलंत. ते मान वाकडी करून हसले. "आता हातात घाई राह्यली नाही मॅडम. हलकीनं जमते." आणि दुखणं? दुखत नाही. मी तीन शून्यं काढली.

फेब्रुवारीत आम्ही सगळे डबे घेऊन रामटेकला गेलो. गडावरून उतरून झाडाखाली बसलो होतो. प्रमिलाताई मला त्यांच्या गावच्या धानाबद्दल काहीतरी सांगत होत्या. भाऊंनी पाण्याची बाटली त्यांच्याकडे न बघताच बाजूला धरली. प्रमिलाताईंनी, वाक्य न तोडता, न बघताच, तिचं झाकण उघडलं आणि बाटली परत दिली. ती हालचाल इतकी सरावाची होती की माझ्या लक्षात राहिली. पण मी ती काही समजून घेतली नाही. जुन्या नवरा-बायकोत अशा गोष्टी असतात, एवढंच मनात आलं. सदऱ्याची बटणंही त्याच लावून देत होत्या हे पुढे कळलं.

मार्चमध्ये खेळताना भाऊंच्या हातून बॅट सुटली. दोनदा. दुसऱ्यांदा ती जाळीखालून सरकत देशकरांच्या पायाशी गेली. देशकर म्हणाले, "काहून गा, बॉल पुरत नाही म्हणून आता बॅट पाठवून राहिला काय?" आम्ही हसलो. भाऊही हसले. घामानं झालं म्हणाले. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: घाम, मुठीला रुमाल बांधणे.

आणि मग ती एप्रिलमधली सकाळ. इतर लोक पाणी पीत होते. भाऊंनी उजवी बाही वर सरकवली आणि हात माझ्यापुढे धरला. कोपराखाली कातडीच्या आत काहीतरी बारीक बारीक उडत होतं, उकळी फुटायच्या आधी दुधावर हालचाल दिसते तसं. अंगठा आणि पहिल्या बोटामधली जागा खोल गेली होती. त्यांनी डाव्या हाताची नखं त्या उडणाऱ्या जागेवर टेकवली. भीती नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. एखाद्या नव्या मशीनपाशी उभं राहावं तसे ते उभे होते.

"आतून चालू हाय पाहा. ताल नाही याले. ताल नसणं चांगलं नाही," ते म्हणाले. मग हात मागे घेतला. "पण दुखत नाही, तं लिहाल काय?"

मी काही लिहिलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

पहिल्या डॉक्टरांनी मानेचे मणके सांगितले आणि दोन महिने शेक देण्यात गेले. दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात हातापायांत सुया टोचून स्नायूंमधली वीज मोजली. त्यानंतरच्या रविवारी भाऊ बाकावर बसले आणि त्यांची पाळी आल्यावर पुढं चला म्हणाले नाहीत. त्यांनी आम्हाला सरळ सांगितलं, मशीनचा अहवाल द्यावा तसं. हाताला हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. उजव्या हातापासून सुरुवात आहे, मग डावा, मग पाय, मग बोलणं आणि गिळणं. एक औषध आहे, ते थोडं हळू करतं. या रोगात दुखत नाही, बळ जातं.

"मी विचारलं डॉक्टरले, याच्यातला कोणता पार्ट बदलता येते," ते म्हणाले. "चांगला माणूस होता बिचारा. खिडकीकडं पाहत राह्यला."

देशकर उठून कोर्टाच्या टोकाला गेले आणि नसलेले बॉल शोधायला लागले.

घरी येऊन मी वही उघडली. सगळं होतं तिथे, माझ्या स्वच्छ अक्षरात. वजन दोनशे तीस, दोनशे बावीस, दोनशे पाच. मूठ बारीक, मग रुमालानं पुन्हा जाड. घाम. आणि त्याच्या शेजारी शून्य, शून्य, शून्य. आम्ही सगळे दुखण्याचे जाणकार झालो होतो. कोपरातल्या सात प्रकारच्या कळा आम्हाला ओळखता येत होत्या. न दुखणारा हात आम्हाला निरोगी वाटला. रकाने मीच आखले होते. बळ मोजायचा एकही नव्हता.

मी त्या डॉक्टरांची वेळ घेऊन एकटी जाऊन विचारलं, नोव्हेंबरात कळलं असतं तर? ते म्हणाले, आजी, काही फरक पडला नसता. हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. माझ्या चुकीनं काही बिघडलं नव्हतं. पण ती चूक झाली नसती तरी काही सुधारलं नसतं. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीला जागा नेमून दिली. ही गोष्ट कुठे ठेवावी ते मला अजून कळलेलं नाही.

देशकरांना स्वस्थ बसवेना. महालात त्यांच्या ओळखीचे तांबट आहेत, त्यांच्याकडून त्यांनी अॅल्युमिनियमची एक पातळ पन्हळ ठोकून आणली, आत मऊ कापड, वर दोन पट्टे. ती भाऊंच्या हातावर बसवली आणि बॅट तिला जोडली, म्हणजे मूठ आवळायची गरजच नाही. भाऊंनी ती उलटसुलट पाहिली, नख लावून पाहिलं, कड घासायला सांगितली आणि वीस दिवस तिच्यावर खेळले. मग मनगट लुळं पडलं. देशकरांनी लांब पन्हळ केली, कोपरापर्यंत. ती पंधरा दिवस चालली. भाऊंनी डाव्या हातानं खेळायला सुरुवात केली आणि साठी उलटल्यावरही बऱ्यापैकी शिकले. डाव्या हातासाठी पन्हळ तयार होईपर्यंत डाव्या हातातूनही बॅट सुटायला लागली होती. दर वेळी देशकर म्हणायचे, आता हे फायनल डिझाइन. दर वेळी भाऊ ते तपासून म्हणायचे, काम पक्कं केलं गा. दोघंही एकमेकांकडे बघत नसत.

खेळताना आम्ही नकळत त्यांना सोपे बॉल द्यायला लागलो होतो. कोणी ठरवलं नव्हतं. बॉल उंच, संथ, त्यांच्या बॅटीपुढे अलगद पडेल असा. एका सकाळी मी पलीकडे होते. त्यांनी दोन बॉल परतवले आणि तिसरा जाऊ दिला.

"मॅडम, बॉल पोचवून राहिल्या तुम्ही. डबा पोचवल्यासारखा."

मी पुढचा बॉल हातात घेतला.

"मारा. हात गेला माझा, डोळे हायत अजून."

मग मी मारला. त्यांनी शिकवल्याप्रमाणे, मूठ सैल, खांदा खाली. बॉल त्यांच्या उजवीकडून सरळ गेला. बॅट जागची हललीही नाही. ते वळून बॉलकडे बघत राहिले, मग मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. "हां. आता शांत जागेवर लागला," म्हणाले. त्यानंतर ते बघायला येत, खेळायला आले नाहीत.

पुढच्या वर्षी पाय गेले. पुढच्या खोलीत पलंग आला, खिडकीतून गल्ली दिसेल असा. जीभ जड झाली, पण डोकं पूर्ण ताळ्यावर. मुलगा पुण्याहून महिन्यातून दोनदा येई. सकाळी आंघोळ घालायला एक माणूस येई. बाकी दिवसभर प्रमिलाताई एकट्या. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, कुशीवर, उताणं. त्या माझ्या खांद्याएवढ्या. उचलताना त्या त्यांना मिठीत घेत आणि स्वतःलाच तीनपर्यंत मोजत.

एकदा मी गेले तर त्यांच्या उजव्या कोपरावर पट्टा. त्यांनी पदर ओढून झाकला. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काही नाही वं बाई, थंडीनं. मी वीस-बावीस कोपरांची वही ठेवलेली बाई. जागा बघूनच मला कळलं. उपायही पाठ होता: तीन आठवडे पूर्ण विश्रांती, वजन उचलणं बंद. तो उपाय मी त्यांना कसा सांगणार होते? दुपारच्या मदतीला दुसरा माणूस ठेवू या म्हणाले, तर त्या म्हणाल्या, ठेवला होता. यायले अनोळखी हात लागला की रात्रभर बोलत नाहीत. मी पलंगाकडे पाहिलं. भाऊ माझ्याकडे बघत होते. मी पट्टा पाहिला हे त्यांनी पाहिलं होतं.

शेवटची भेट डिसेंबरातली, सकाळी अकराची. प्रमिलाताईंनी मला दारातच थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सांगा यायले मॅडम, तुमचं ऐकतीन. चार चमच्यांवर जात नाहीत. डॉक्टर म्हणते गिळणं चालू हाय अजून. मंग काहून खात नाहीत?"

मी आत जाऊन बसले. काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं होतं. प्रमिलाताईंनी काखेत हात घालून त्यांना छातीशी घेतलं आणि उशांना टेकवून बसवलं. उचलताना त्यांनी श्वास रोखला आणि तोंड भिंतीकडे केलं. भाऊंनी डोळे मिटून घेतले होते. मऊ भात, वरण, वर तूप. चार चमचे गेले. पाचव्याला ओठ बंद.

"पाहा," प्रमिलाताई मला म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

त्या गेल्यावर भाऊ बोलले. एकेक शब्द लांबून ओढून आणल्यासारखा, आणि मला वाकून, त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकावं लागलं.

"पासष्ट किलो होतो. आता अठ्ठेचाळीस." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "आणखी कमी करतो. तिचं कोपर वाचते."

मी सरळ झाले.

"सांगू नका," ते म्हणाले.

प्रमिलाताई पेला घेऊन आल्या. "काय म्हणत होते?"

"पाणी," मी म्हणाले. "पाणी मागत होते."

पाणी तेव्हा त्यांना ठसक्याशिवाय जात नसे आणि तहान तर मुळीच नव्हती. प्रमिलाताईंनी डावा हात त्यांच्या मानेखाली घातला आणि उजव्या हातानं पेला ओठांना लावला. भाऊंनी माझ्याकडे बघत ओठ उघडले. एक घोट. ठसका. मग दुसरा. माझ्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

"किती तहान लागली होती वं माय," प्रमिलाताई म्हणाल्या, आणि तो दुखरा हात तसाच वर धरून, पेला रिकामा होईपर्यंत त्यांना पाजत राहिल्या.